चकवा पुन्हा लागावा म्हणून

एखाद्या गेमच्या पुढच्या भागाची वाट पाहणारा माणूस रिकामा बसलेला नसतो. मनातल्या मनात तो गेम तो बनवत असतो. ट्रेलरमध्ये चार सेकंद दिसलेल्या गुहेवरून अख्खा प्रदेश उभा करतो, अर्धवट दिसलेल्या बॉसला, म्हणजे बड्या शत्रूला, स्वतःच चाली शिकवतो, पहिल्या भागात शेवटपर्यंत बंद राहिलेल्या दारामागे काय असेल ते ठरवून टाकतो. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि गेम हातात पडला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. या साडेसहा वर्षांत असे किती सिल्कसाँग लोकांच्या डोक्यात बनून तयार झाले असतील! माझ्याही डोक्यात एक होताच. त्या गेममध्ये एकही कंटाळवाणी खोली नव्हती, प्रत्येक वळणावर काहीतरी भारी होतं आणि शेवट अगदी मनासारखा होता. खरा गेम अशा गेमशी स्पर्धा करायला उतरला तर हरणार, हे उघड आहे.

तरीही काही सिक्वेल जिंकतात. इतकी वर्षं ताटकळल्याचं सार्थक झालं असं वाटायला लावतात. हे कसं होतं, यावर मी बराच विचार केला आहे, कारण या प्रकारच्या गेमवर माझा जीव आहे.

हा प्रकार म्हणजे ज्याला ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन गेमच्या नावांवरून मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात तो. एकमेकांत गुंतलेलं एक मोठं जग असतं. त्यात कुठेतरी उंचावर एक कडा दिसतो, पण तिथे पोचता येत नाही. पुढे चार तासांनी डबल जंप, म्हणजे हवेतच दुसरी उडी, मिळते, आणि तो कडा आठवतो. आपण उलटे फिरतो, धावत मागे जातो. या गेममध्ये खेळाडूची खरी कमाई असते ती माहितीची. तलवार किती धारदार, जीव किती, हे आकडे दुय्यम. कुठली भिंत पोकळ वाजते, कुठल्या कोपऱ्यात उगाच उजेड पडलाय, गेम बनवणारी माणसं कशी विचार करतात, हे कळलं की आपण त्या जगाचे जाणकार होतो. आणि सिक्वेलची पंचाईत नेमकी इथेच होते. नव्या गेमच्या सुरुवातीला तलवार पुन्हा बोथट करता येते, जीव पुन्हा कमी करता येतो, पण खेळाडूच्या डोक्यातली माहिती पुसता येत नाही. जो सगळं ओळखून आहे त्याला शोधायला काय द्यायचं?

माझ्या मते समाधान देणारा सिक्वेल मला पुन्हा अडाणी करतो, पण नवखी समजत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी साधणं फार अवघड आहे. बरेच सिक्वेल यातली एकच साधतात, आणि काही तर दोन्ही हुकवतात.

सिल्कसाँगचंच घ्या. पहिल्या ‘हॉलो नाइट’मध्ये (२०१७) आपण एक मुका, चिमुकला योद्धा होतो. त्याच्या हातात खिळ्यासारखं हत्यार होतं. हवेत असताना खाली वार केला की हत्यार ज्यावर आदळेल त्यावरून तो वर उसळायचा. शत्रूच्या डोक्यावरून, काट्यांवरून, करवतींवरून असं टप्पे घेत जायचं, याला खेळणारे पोगो म्हणतात. शेकडो तास खेळलेल्यांच्या बोटांत हा पोगो इतका मुरलेला होता की विचार करावाच लागत नसे. सिल्कसाँगमध्ये आपण हॉर्नेट आहोत, तिच्या हातात सुई आहे, आणि खाली वार केला की ती सरळ खाली जात नाही. तिरपी झेप घेते. बस्स, एवढाच बदल. पण पहिल्या संध्याकाळी माझी सगळी विद्या पाण्यात गेली. शत्रू अगदी पायाखाली असायचा आणि मी त्याच्या बाजूने सुसाट निघून काट्यांत पडायचे. मग हळूहळू लक्षात आलं की आता उडी शत्रूच्या वर मारायची नाही, त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून मारायची. अंतर मोजायची सवय लागली. आणि ती लागल्यावर हॉर्नेट अशी काही खेळायला लागली की जुना योद्धा तिच्यापुढे जड वाटावा.

हे डिझायनरांनी सहज म्हणून केलेलं नाही. हॉर्नेट पहिल्या गेममध्ये बॉस होती. आपण तिच्याशी लढलो होतो, आणि तिच्या त्या तिरप्या झेपांनी आपल्याला हैराण केलं होतं. म्हणजे ही चाल आपल्या ओळखीची होती, फक्त समोरून. आता तीच आतून शिकायची. जखम भरण्याचंही तसंच. पूर्वी जमिनीवर थांबून एकेक मास्क (इथे जीव मास्कमध्ये मोजतात) भरायचा. आता रेशमाचं रीळ भरलं की एका दमात तीन मास्क भरतात, तेही हवेत असताना. थांबण्याची भीती गेली, पण तिच्या जागी दुसरी आली: रेशीम एकदा वापरलं की हात रिकामा. पुढे वॉन्डरर नावाचं क्रेस्ट, म्हणजे लढण्याची ढब बदलणारं चिन्ह, सापडतं. ते घातलं की सरळ खाली वार करणारी जुनी चाल जवळजवळ जशीच्या तशी परत मिळते. ते सापडलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! पण थोड्या वेळाने मी ते काढून ठेवलं, कारण तोवर तिरपी झेप माझी झाली होती. जुनं घर शाबूत आहे हे कळल्यावर नव्या घरात मन लागतं, तसं काहीसं.

नवखी न समजण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र एका बाकाचं आहे. हॉलो नाइटमध्ये बाक म्हणजे विसावा. तिथे बसलं की जीव भरतो, गेम सेव्ह होतो, मॅपवर नव्या खोल्या उमटतात. अख्ख्या त्या उदास जगात भरवशाची गोष्ट ती एकच. सिल्कसाँगमध्ये हंटर्स मार्च नावाचा एक चिवट प्रदेश आहे. शत्रू एकेका फटक्यात दोन-दोन मास्क उडवतात, उड्या चुकवून चालत नाही. तिथून कसंबसं निभावून पुढे आलं की बाक दिसतो. जीव भांड्यात पडतो. आपण बसतो, आणि बसल्याबसल्या सापळा सुटून अंगावर येतो. मी ओरडलेच. मग शांत झाल्यावर आजूबाजूला शोधलं, तर सापळा निकामी करण्याची कळ तिथेच लपवलेली होती. म्हणजे आजवर प्रत्येक भिंत संशयाने तपासायला शिकवलेल्या खेळाडूला या लोकांनी विचारलं होतं: बाक का नाही तपासलास? हा प्रश्न विचारायला आधीचा अख्खा गेम लागतो. आमच्यात जुनी ओळख आहे असं धरूनच तो विचारलेला आहे, आणि ती ओळख मानली गेल्याचं सुख त्या फटक्यापेक्षा मोठं होतं.

दिशेचाही मी फार विचार केला. हॅलोनेस्ट हे पहिल्या गेममधलं राज्य जमिनीखाली होतं. आपण डर्टमाउथ गावातून खाली उतरत जायचो, आणि पडलो तरी बहुतेक वेळा कुठल्यातरी नव्या ठिकाणी पडायचो. सिल्कसाँगमधलं फारलूम उभं आहे. यात्रेकरू तळापासून शिखरावरच्या सिटाडेलकडे चढताहेत आणि आपणही त्यांच्यात. चढताना पडणं म्हणजे कमावलेलं गमावणं. पाय ठेवायला जागा शोधण्याची काळजी अंगात भिनते. त्यामुळे तीच उडी, तोच डॅश वेगळ्या मनाने केला जातो. आणि एवढं चढून सिटाडेलच्या दारात पोचलं की वाटतं, झालं, पोचलो. प्रत्यक्षात तिथे पहिला अंक संपलेला असतो. जे शिखर वाटत होतं तेच पुढच्या गेमचं अंगण निघतं.

ही युक्ती आजची नाही. या प्रकारातला माझ्या लेखी सर्वोत्तम सिक्वेल १९९४ चा आहे: ‘सुपर मेट्रॉइड’. १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइडमध्ये खेळ सुरू झाला की खेळाडू स्वाभाविकपणे उजवीकडे जायचा आणि लवकरच अडायचा. डावीकडे वळलं की मॉर्फ बॉल मिळायचा, म्हणजे गेमची नायिका समस हिला गोळा होऊन अरुंद बोगद्यांतून घरंगळता यायचं. डावीकडेही जाता येतं, हा त्या गेमचा पहिला धडा होता. सुपर मेट्रॉइडमध्ये समस पुन्हा त्याच झेबेस ग्रहावर उतरते. पाऊस पडत असतो. आपण खाली उतरत जातो, तर ओळखीची एक उभी विहीर लागते. पहिल्या गेमच्या शेवटी स्फोट व्हायच्या आत जिच्यातून उड्या मारत जीव घेऊन पळालो होतो, तीच. खाली मदर ब्रेन या तिथल्या शेवटच्या शत्रूची खोली, फुटलेली, पडकी. एकही शत्रू नाही. त्या पडझडीतून लिफ्टने ब्रिनस्टार नावाच्या भागात उतरलं की डावीकडे, अगदी जुन्या जागी, मॉर्फ बॉल असतो.

पहिला गेम न खेळलेल्यालाही ही ओसाड शांतता भिडते. खेळलेल्याचं काळीज मात्र हलतं, कारण त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या नासधुशीतून तो चालत असतो. आणि मग, मॉर्फ बॉल आणि क्षेपणास्त्रं घेऊन त्याच खोल्यांमधून परत वर यायला निघालं की त्या जाग्या झालेल्या असतात. शत्रू आलेले असतात. आठवण जपायची, तिला क्षणभर हात लावू द्यायचा, आणि लगेच सांगायचं की आता इथलं तुला काही ठाऊक नाही. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत, एकही संवाद न वापरता.

‘झेल्डा’ मालिकेतला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा सिक्वेल म्हणून जाहीर झाला तेव्हा अनेकांना वाटलं होतं की ही फसवणूक आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७ चा, हा मे २०२३ चा. सहा वर्षं थांबवलं आणि हायरूलचा प्रदेश तोच? मला उलट तो निर्णय धाडसी वाटला. ज्या डोंगरांवर पावसात घसरत, दमाचं वर्तुळ संपत आलेलं पाहत चढलो होतो, त्याच डोंगरांतून आता असेन्ड नावाच्या शक्तीने सरळ आरपार वर निघता येतं. ही शक्ती मुळात गेम बनवणाऱ्यांनी चाचणी करताना गुहांमधून पटकन बाहेर यायला वापरलेली सोय होती. ती इतकी मजेची वाटली की तिलाच खेळात आणलं. पहिल्या भागात डोंगराला वळसा घालून जाणारा जाणकार आणि दुसऱ्या भागात छत पाहिलं की मान वर करणारा जाणकार हे दोन वेगळे प्राणी आहेत. प्रदेश तोच राहिला म्हणून तर हा फरक अंगात जाणवला.

त्याहून मला आवडलं ते जमिनीखालचं काळोखं जग. तिथे काही म्हणता काही दिसत नाही. चाचपडत पुढे जायचं, कुठेतरी एक लाइटरूट पेटवायचं, तेवढ्यापुरता उजेड. बऱ्याच भटकंतीनंतर मॅप उलटसुलट करताना लक्षात येतं की प्रत्येक लाइटरूट वरच्या एकेका मंदिराच्या बरोबर खाली आहे, आणि इंग्रजीत दोघांची नावं उलट्या क्रमाने लिहिलेली आहेत. वर जिथे डोंगर आहे तिथे खाली खोल दरी, वर जिथे पाणी आहे तिथे खाली न ओलांडता येणारी भिंत. म्हणजे वर मिळवलेली माहिती खाली कंदील होते. गेम हे कुठेही ओरडून सांगत नाही. ते कळलं त्या रात्री मी झोप विसरून दोन्ही मॅप एकावर एक ठेवून पाहत बसले.

तक्रारींना दिलेलं उत्तरही मला मोलाचं वाटतं. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये हत्यारं मोडायची आणि लोक वैतागायचे. हत्यारं न मोडणारी करणं सोपं होतं. त्याऐवजी फ्यूज आलं: काठीला दगड जोडा, ढालीला रॉकेट जोडा, शत्रूचं शिंग भाल्याला लावा. हत्यार अजूनही मोडतं, पण आता मोडलं की पुढचं काय जोडावं हे सुचायला लागतं. खेळाडूचं ऐकायचं म्हणजे त्याने मागितलेलं जसंच्या तसं द्यायचं, असं मला वाटत नाही. त्याला टोचत काय होतं ते ओळखणं जास्त महत्त्वाचं.

‘मेट्रॉइड ड्रेड’मध्ये हे ओळखणं फार बारकाईने दिसतं. मूळ कथेतला आधीचा भाग ‘मेट्रॉइड फ्यूजन’ २००२ चा, ड्रेड ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. मधल्या काळात ही कल्पना निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या जमान्यात हाती घेऊन बाजूला ठेवली गेली होती, कारण मनात होतं ते त्या यंत्राला झेपणारं नव्हतं. ड्रेड बनवणाऱ्या मर्क्युरीस्टीम कंपनीनेच २०१७ मध्ये बनवलेल्या ‘समस रिटर्न्स’मध्ये शत्रूचा वार परतवायला थांबावं लागे, आणि त्यामुळे चालीचा ताल सतत तुटे. ड्रेडमध्ये तोच पलटवार धावता धावता करता येतो. एवढ्याने खेळण्याची सगळी लय बदलली. आणि क्रेड! हा अवाढव्य बॉस जुन्या खेळाडूंच्या ओळखीचा. ड्रेडमध्ये ठरलेल्या क्रमाने गेलात तर त्याच्याशी लांबलचक लढावं लागतं. पण आडवाटा शोधून बॉम्ब वेळेआधी मिळवलेत, तर लढाईच्या मध्येच एका जागेतून घुसून त्याला झटक्यात संपवता येतं, आणि त्यासाठी खास वेगळं दृश्य बनवलेलं आहे. विचार करा, फार थोडे लोक हे करतील हे माहीत असून कुणीतरी त्यावर काम केलं. मेट्रॉइडचे खेळाडू वर्षानुवर्षं क्रम मोडून खेळत आले आहेत, त्यांना बनवणाऱ्यांनी केलेला हा रामराम आहे.

आता जिथे हे जमत नाही त्याबद्दल. ‘शेनम्यू ३’ २०१९ मध्ये आला, दुसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी, पाठीराख्यांनी स्वतः पैसे उभे करून. मला त्या प्रयत्नाबद्दल आदर आहे. पण त्याने जुन्या गोष्टी इतक्या घट्ट धरून ठेवल्या की चालण्याबोलण्याचा संथपणाही तसाच राहिला. नव्याने शिकण्यासारखं थोडंच उरलं, आणि इतकं थांबूनही कथा शेवटाला पोचली नाही. दुसऱ्या टोकाला असतात ते नुसते मोठे सिक्वेल. दुप्पट मॅप, तिप्पट खुणा, प्रत्येक खुणेवर एकच काम. सोबतीला एखादं पात्र असतं जे कोडं समोर येताच कानात उत्तर सांगतं. ते ऐकलं की माझं मन उतरतं. ज्या खेळाडूने आधीच्या भागात एकटीने अंधाऱ्या बोगद्यांतून वाट काढली, तिला हाताला धरून नेण्याची गरज कुणाला का वाटावी?

सिल्कसाँगच्या अवघडपणावर खूप वाद झाला. प्रकाशनानंतर काही दिवसांतच मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या सुरुवातीच्या दोन बॉसना थोडं सौम्य करणारा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला. माझं मत असं की या प्रकारच्या गेममध्ये अवघड बॉस शिक्षा वाटू नये याची सोय जगातच असते: इथे जमत नाही, तर दुसरीकडे जा. नवा प्रदेश पाहा, एखादं साधन मिळवा, परत या. सिल्कसाँग ही मोकळीक बहुतेक ठिकाणी देतो आणि तिथे हरण्याचंही काही वाटत नाही. पण काही जागी बाकापासून बॉसपर्यंतची वाटच इतकी त्रासाची आहे की लढाईतून जे शिकलो ते पोचेपर्यंत विसरायला होतं. लास्ट जज या बॉसकडे जाणारा रस्ता असा आहे, आणि बाइलवॉटरमधली ती घाण दलदल तर विचारू नका. तिथे गेम मला काही शिकवत होता असं मला वाटलं नाही. हा दोष आहे, आणि गेमवर कितीही प्रेम असलं तरी तो दोषच आहे.

इतकी वर्षं का लागली, याचं बनवणाऱ्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमधली टीम चेरी ही अगदी छोटी मंडळी. हा गेम मुळात पहिल्या भागाला जोडायचा एक तुकडा होता, हॉर्नेट घेऊन खेळता यावं म्हणून. तो वाढत गेला. काम कुठे अडलं नव्हतं, करण्यात मजा येत होती म्हणून करत राहिलो, असं त्यांनी प्रकाशनाच्या आधी सांगितलं. खेळताना हे जाणवतं. फारलूममध्ये अशा कितीतरी जागा आहेत जिथे काही मिळत नाही. एखादा यात्रेकरू बसून पुटपुटत असतो, भिंतीमागे घंटांची एक रिकामी खोली असते. नकाशे विकणारी शाक्रा दुरून गाताना ऐकू येते आणि तिच्या आवाजाच्या रोखाने आपण चालू लागतो. पहिल्या भागात कॉर्निफरच्या गुणगुणण्यामागे असेच जायचो. पण कॉर्निफर घाबरट, मऊ होता, आणि शाक्रा लढवय्यी आहे. ऐकण्याची सवय जुनी, भेटणारं माणूस नवं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक मोठी लढाई होते, मग क्रेडिट्स येतात. गेम इथे संपला असं मानायला काहीच हरकत नाही, पुष्कळांनी मानलंही असेल. पण हॉलो नाइट खेळलेल्याला आठवतं की तिथेही पहिला शेवट खरा नव्हता. खऱ्या शत्रूपर्यंत पोचायला आडवळणाची कामं पुरी करावी लागली होती. म्हणून मी उठले नाही. राहिलेल्या इच्छा पुऱ्या करायला लागले, लोकांची बारीकसारीक कामं, अर्धवट सोडलेली वळणं. पुरेशी झाल्यावर तिसरा अंक उघडला, आणि जे फारलूम मला तळहातावरच्या रेषांइतकं पाठ झालं होतं त्याच्या खालून काळोख फुटून वर आला. रोजचे रस्ते बिघडले, ओळखीचे शत्रू काळ्या धाग्यांनी वेडे होऊन अंगावर आले, आणि मी पुन्हा पहिल्या दिवसासारखी मॅप उघडून कुठून जावं याचा विचार करायला लागले.